बारातीत वाजवायचं की वरातीत?

बालाघाटमध्ये लग्नाच्या गाण्यांची यादी करायला बसलं की पहिला घोळ शब्दावरून होतो. डीजेवाला विचारतो, बारातीत काय वाजवायचं? पुण्याहून आलेली मावशी त्या रकान्यात सासरी निघतानाची गाणी भरून मोकळी होते. तिच्या लेखी वरात म्हणजे लग्न लागल्यावर नवरीला घेऊन निघालेली मिरवणूक. डीजेवाल्याच्या लेखी बारात म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला घेऊन दारात आलेली मंडळी. शब्द एकाच मुळाचे, पण एकात नवरी अजून यायची आहे आणि दुसऱ्यात ती शेजारी बसलेली आहे. यादी नीट तपासली नाही, तर नवरदेव घोड्यावरून उतरत असताना लेकीच्या पाठवणीचं गाणं लागतं आणि नवरीची आई आत साडीच्या निऱ्या करता करता दचकते.

हा घोळ भाषेइतकाच नकाशाचा आहे. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला. इंग्रजी अमदानीत तो मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कचेरीचे कागद भोपाळला जाऊ लागले. सोयरिकी मात्र गोंदिया, तुमसर, भंडारा, नागपूर अशाच जुळत राहिल्या. गोंदिया इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. त्यामुळे वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूर या भागांतल्या लग्नात एक बाजू हिंदीत शिकलेली आणि दुसरी मराठीत, हे नेहमीचंच. पोवारांच्या घरी तर दोन्ही बाजूंची घरातली भाषा पोवारी. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात ती पूर्व हिंदीच्या खंडात आहे, पण मराठी कानाला ती लांबच्या नात्यातली वाटत नाही. तिच्यात लग्न म्हणजे बिह्या, मांडव म्हणजे मांडो, हळद म्हणजे हरद. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बैहरच्या डोंगराळ पट्ट्यात, गोंड आणि बैगा वस्त्या आहेत. पूर्वेची हद्द ओलांडली की छत्तीसगड.

इतक्या भाषांच्या मांडवात कोणत्या भाषेतलं गाणं कुठे लावायचं, हे कुणी बसून ठरवलेलं नाही, तरी ते बरंचसं ठरलेलं आहे. हळदीची गाणी घरच्या बोलीत. बारातीत हिंदी सिनेमा. लग्न लागताना, मराठी घर असेल तर, मंगलाष्टकं. जेवणावळीत गारी, म्हणजे शिव्यांची गाणी. शेवटी पुन्हा हिंदी सिनेमा, पण रडवणारा. गेल्या काही वर्षांत या जुन्या क्रमात एक नवी जागा निघाली आहे, नवरा-नवरीच्या नाचाची. तिच्यासाठी मात्र ठरलेली भाषाही नाही आणि ठरलेलं गाणंही नाही. सगळी भांडणं तिथेच होतात.

आधी मंगलाष्टकं, कारण मराठी लग्नात निवडीला सर्वांत कमी वाव असलेलं संगीत तेच. त्यांचं वृत्त बहुधा शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, मग उरलेली सात. मात्रा मोजल्या तर ओळीला तीस: अठरा आणि बारा. सिनेमाची बहुतेक नाचरी गाणी केरव्यात असतात, आठ मात्रांत. तीसला आठने भाग जात नाही. एखादा हौशी मामा लोकप्रिय चालीवर मंगलाष्टक बसवू पाहतो तेव्हा तो दुसऱ्या ओळीतच का अडखळतो, त्याचं हे साधं कारण. मग नवरदेवाच्या आजोबांचं नाव ओढून ताणून दोन मात्रांऐवजी सहा मात्रांचं होतं, आणि अंतरपाटामागे हसू फुटतं.

शार्दूल म्हणजे वाघ, आणि शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाची क्रीडा. कान्हाच्या जंगलाचं मुक्की प्रवेशद्वार ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे वृत्त लग्नात म्हटलं जावं, हा योगायोग बालाघाटच्या एखाद्या भटजींनी अजून पर्यटन खात्याला विकलेला नाही, याचं नवल वाटतं.

एका मंगलाष्टकात चार ओळी, म्हणजे ७६ अक्षरं. आठ म्हटली तर ६०८. एवढ्या वेळात मांडवातलं प्रत्येक माणूस काही ना काही करत असतं. अक्षता टाकत असतं, चुकीच्या क्षणी टाकून मग हात रिकामा म्हणून शेजाऱ्याकडे मागत असतं, 'सावधान' आलं की आवाज मिळवत असतं. समर्थ रामदास याच शब्दावर बोहल्यावरून पळाले, ही गोष्ट कुणीतरी नवरदेवाच्या कानात सांगतंच. आणि शेवटी ती आज्ञा येते, 'वाजवा रे वाजवा'. लग्न लागलं याचा पुरावा म्हणून वाद्यांना मोठ्याने हुकूम सोडणारा हा समाज आहे. सनई-चौघडा परवडणारी घरं पूर्वीही थोडीच होती. बाकीच्यांनी ताटं वाजवली, नंतर बँड वाजवला, आता भटजी मान वळवून डीजेकडे बघतात.

घरची मंगलाष्टकं लिहिण्याची हौस मात्र बालाघाटकडच्या मराठी घरांतही आहे. गुलाबी किंवा पिवळ्या कागदावर छापलेली, दोन्ही कुळांची नावं गुंफलेली, वृत्तात लंगडणारी. ती नवरीच्या आत्याने लिहिलेली असतात आणि आत्याच म्हणते. ध्वनिमुद्रित मंगलाष्टकं मोबाइलवर सहज मिळत असताना हा कागद टिकून आहे, कारण ध्वनिमुद्रणात आत्याच्या भावाचं नाव येत नाही.

या आठ कडव्यांवर मोठा हात फिरवला तो जोतीराव फुल्यांनी. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजाच्या रीतीने पहिला विवाह लागला, पुरोहिताशिवाय. फुल्यांनी पूजाविधीबरोबर मंगलाष्टकंही नव्याने लिहिली, ती १८८७ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांनी केलेला बदल संगीताच्या अंगाने पाहिला तर थक्क करतो. तोवर मंगलाष्टक म्हणजे तिसऱ्याने दोघांच्या डोक्यावरून म्हणायची गोष्ट होती. फुल्यांनी ते नवरा-नवरीच्या तोंडी दिलं. ती तिच्या हक्कांबद्दल विचारते, तो वचन देतो. लग्नाच्या मांडवात वधू-वरांनी स्वतः, एकमेकांना उद्देशून, सगळ्यांसमोर काही म्हणायचं, ही कल्पना आज 'कपल डान्स'वाल्यांना आपली वाटते. तिला दीडशे वर्षं झाली.

दुसरा मोठा बदल १९५६ नंतरचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातल्या बौद्ध घरांत लग्नाचा सूरच बदलला. त्रिशरण, पंचशील, मग पाली भाषेतली जयमंगल अट्ठगाथा. त्याही आठच. तांदळाच्या जागी फुलांच्या पाकळ्या आल्या, संस्कृतच्या जागी पाली, पण सगळ्यांनी उभं राहून आठ कडव्यांमधून एक जोडपं पार करायचं, हा आराखडा राहिला. नंतरच्या मिरवणुकीत भीमगीतं आली. वामनदादा कर्डकांची गाणी आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज या भागात राज्याची हद्द विचारून आले नाहीत. बारातीत एक भीमगीत वाजल्याशिवाय मंडळी मांडवात शिरत नाहीत, अशी घरं आहेत, आणि तिथे डीजेवाल्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच १४ ऑक्टोबर १९५६ ला, शेजारच्या खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. संस्थानिकांच्या राजवाड्यात भरलेलं संगीताचं विद्यापीठ बालाघाटच्या हद्दीपासून फार लांब नाही. ध्रुपद, ख्याल, सरोद, सगळं तिथे शिकवतात. बालाघाटच्या बारातीवर त्याचा परिणाम शून्य. बारातीवर राज्य धुमालचं.

धुमाल ही नागपूर ते दुर्ग-रायपूर या पट्ट्याची आपली चीज. ताशा-टिमकीच्या कडकडाटाला पितळी वाद्यांची आणि कीबोर्ड, ऑक्टोपॅडची जोड, सगळं गाडीवर चढवलेलं, आणि खाली चालत वाजवणारे. लष्करी बँडचा लाल कोट आणि गावच्या वाजंत्र्यांचा ठोका यांच्या लग्नातून झालेलं हे मूल. शांत धुमाल नसतो. कुणी सोबर काहीतरी वाजवा म्हटलं, तर वाजवणाऱ्यांचा चेहरा आचाऱ्याला तिखट नको म्हटल्यावर होतो तसा होतो.

धुमाल असो की साधा बँड, काही गाणी टाळता येत नाहीत. त्यांच्या मागे शोधत गेलं तर एकच माणूस वारंवार भेटतो. नागिण नाच घ्या. रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळणारा मित्र प्रत्येक बारातीत असतोच. ती पुंगीची धून १९५४ च्या 'नागिन'मधली, संगीत हेमंतकुमारांचं. पण त्या पुंगीत पुंगी नव्हती. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर कल्याणजी आणि जोडीला हार्मोनियमवर हेमंतकुमारांचे सहायक रवी, असा तो आवाज जमवला होता. पुढे रवी स्वतः संगीतकार झाले. १९७७ च्या 'आदमी सड़क का'मधलं, मित्राच्या लग्नात नाचायचं रफींचं गाणं त्यांचं. ते वाजल्याशिवाय उत्तर भारतात आणि विदर्भात बारात दारात पोचली असं मानत नाहीत. आणि १९६८ च्या 'नील कमल'मधलं, बापाने लेकीला निरोप देण्याचं रफींचंच गाणं, तेही रवींचं. १९६५ च्या 'वक़्त'मध्ये बलराज सहानींनी बायकोसाठी म्हटलेली, मन्ना डेंच्या आवाजातली कव्वाली, जिच्यावर लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याला ओढून नाचवतात, तीसुद्धा त्यांचीच. म्हणजे आदली संध्याकाळ, बारात आणि पाठवण, तिन्ही ठिकाणी एकच संगीतकार, शिवाय रस्त्यात लोळणाऱ्या मित्राच्या वाट्यालाही थोडा. २०१२ मध्ये रवी गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या सिनेमांच्या याद्या दिल्या. देशातल्या सगळ्या बँडमास्तरांनी एक दिवस खाडा करायला हवा होता.

त्या निरोपाच्या गाण्याचे शब्द साहिर लुधियानवींचे. साहिर आयुष्यभर अविवाहित राहिले. मराठी घरांत त्याच जागी पी. सावळाराम आणि वसंत प्रभूंचं, लताबाईंच्या आवाजातलं सासरी निघालेल्या मुलीचं गीत लागतं. दोन्ही बाजूंची मंडळी सरमिसळ असली की दोन्ही लागतात आणि नवरीला दोनदा रडावं लागतं. दुसऱ्या वेळेपर्यंत काजळ संपलेलं असतं.

आता ती नवी जागा. इंग्रजी रिवाजात लग्नाच्या मेजवानीत नवरा-नवरी पहिला नाच करतात आणि मग बाकीचे सामील होतात. बालाघाटला हा रिवाज सिनेमातून, नागपूरच्या हॉलमधून आणि मोबाइलमधून आला. त्याची पायवाट 'हम आपके हैं कौन'ने १९९४ मध्ये तयार करून ठेवली होती. चौदा गाण्यांचा तो सिनेमा म्हणजे जवळजवळ लग्नाचा कार्यक्रमच होता. घरच्यांनी बसवलेला नाच आणि तो बघणारे घरचेच, ही सवय तिथून लागली. आता संगीताच्या संध्याकाळी मंच असतो, धूर सोडणारं यंत्र असतं, आणि महिनाभर आधीपासून जोडप्याला दोन-तीन मिनिटांचा नाच शिकवणारा कोरिओग्राफर असतो.

गाणं निवडताना शब्दांकडे कुणी फारसं बघत नाही, ही तक्रार जुनी आणि जागतिक आहे. पाश्चात्त्य लग्नांत नवरी चर्चमध्ये शिरताना वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या १८५० च्या संगीतिकेतलं समूहगान वाजवतात. त्या संगीतिकेत ते गाणं संपतं, दोघं एकटे उरतात, ती विचारू नये तो प्रश्न विचारते आणि संसार त्याच रात्री मोडतो. बाहेर पडताना वाजतं ते मेंडेल्सनचं, शेक्सपिअरच्या नाटकासाठी १८४२ मध्ये केलेलं. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात दोन्ही वाजली आणि तीच रीत पडली. आपल्याकडची जोडपी 'आशिकी २'च्या गाण्यांवर एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाचतात. २०१३ चा तो सिनेमा संपतो नायकाच्या आत्महत्येने. 'शेरशाह'मधलं 'रांझा' २०२३ मध्ये त्यातल्याच नायक-नायिकेच्या खऱ्या लग्नात वाजलं आणि गावोगावच्या नवऱ्या त्यावर मांडवात शिरू लागल्या. सिनेमातला नायक कारगिलमध्ये धारातीर्थी पडतो, याची आठवण करून देणाऱ्या काकांना कुणी पुन्हा यादी दाखवत नाही.

काकांचं चुकतं, असंच म्हणावं लागेल. गाणं सिनेमातून निघून मांडवात आलं की त्याचा शेवट मागेच राहतो. खरी अडचण दुसरी आहे. या नाचात दोघं नाचतात आणि चारशे माणसं मोबाइल वर धरून उभी राहतात. मंगलाष्टकांत अक्षता टाकणारे, बारातीत हातवारे करणारे, हळदीत गाणारे, सगळे इथे प्रेक्षक होतात. म्हणूनच बहुधा हा नाच संपता संपता कुणीतरी 'झिंगाट' लावायला सांगतं. २०१६ च्या 'सैराट'मधलं अजय-अतुलचं हे गाणं बालाघाटला भाषांतराशिवाय पोचलं. 'धडक'मध्ये त्याची हिंदी आवृत्ती आली, तरी इथे मूळ मराठीच चालतं. ते वाजलं की मंच आणि मांडव यांतली रेघ पुसली जाते, आणि कोरिओग्राफरने महिनाभर शिकवलेलं सगळं अर्ध्या मिनिटात पायदळी जातं.

दोघांच्या नाचापेक्षा वेगळा, लग्नाचा खरा पहिला नाच बघायचा तर शहरातून बैहरकडे जावं लागतं. बैगांच्या लग्नात बारातीच्या स्वागताला परघौनी नाचतात. खाटा, सुपं, कांबळी यांचा एक हत्ती उभा करतात आणि मांदर, टिमकीच्या ठेक्यावर तो अंगणात नाचवतात. नवरदेवाला घोडा परवडतो की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, घरात खाट असली की हत्ती तयार. व्हेरिअर एल्विन आणि श्यामराव हिवाळे यांनी याच मैकल डोंगररांगांतली गाणी गोळा करून १९४४ मध्ये पुस्तक काढलं होतं. शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातले बैगा नर्तक अर्जुनसिंह धुर्वे यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. परघौनी आता शासकीय महोत्सवांच्या मंचावरही दिसतो, तिथे हत्ती जरा जास्त नेटका असतो. अंगणातला हत्ती नाचता नाचता कुणावर तरी पडतो, आणि लग्नाची आठवण म्हणून पुढे तेवढंच सांगितलं जातं.

पैशांचा आणि कायद्याचा विषय यादीत शेवटी येतो, पण तो येतो. लग्नात गाणी वाजवायला कंपनीचा परवाना लागतो का, हा प्रश्न मोठ्या हॉलमध्ये विचारला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि लग्नाची मिरवणूक आणि लग्नासंबंधीचे इतर सोहळे त्यात धरले आहेत. केंद्राच्या उद्योग खात्याने २४ जुलै २०२३ ला जाहीर सूचना काढून याची आठवणही करून दिली. पुढे गोवा सरकारने याच अर्थाचं परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलं. तेव्हा वाद संपलेला नाही, पण बालाघाटच्या गल्लीतल्या धुमालपर्यंत तो अजून आलेला नाही.

त्याच्यापर्यंत येतो तो आवाजाचा नियम. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वस्तीत दिवसा मर्यादा ५५ डेसिबलची, म्हणजे धुमालने फक्त गाडी चालू केली तरी ओलांडली जाईल अशी. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाल्यावर मोहन यादवांनी पहिला आदेश काढला तो याच विषयावर. तेव्हापासून दहाच्या सुमाराला मांडवात एक अस्वस्थता येते. मराठी बाजूचं लग्न गोरज मुहूर्तावर लागून गेलेलं असतं, त्यांना फरक पडत नाही. हिंदी रिवाजाच्या घरात मात्र भांवर, म्हणजे फेरे, रात्री, आणि बारात तर नेहमीच उशिरा. कितीही घाई केली तरी पाठवणीआधीच यंत्रं बंद होतात.

आणि मग गारी ऐकू येते. बारातीची पंगत बसली की नवरीकडच्या बायका व्याह्यांना, नवरदेवाच्या मामाला, जावयांना नावं घेऊन शिव्या गातात. मराठीत विहिणींना उद्देशून म्हणायची गाणी याच कुळातली, पण गारीपुढे ती फारच सभ्य. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. पंगतीत ते जाणवतं. डीजे चालू असेपर्यंत त्या गात असतात की नुसते ओठ हलवत असतात, हे बारातीला कळत नाही. नियम ध्वनिक्षेपकाला लागू होतो, गळ्याला नाही, म्हणून दहानंतर पानात चिन्नोर तांदळाचा भात पडतो आणि पलीकडून शब्दन् शब्द ऐकू येऊ लागतो. ज्याचं नाव येतं तो खाली मान घालून वरण ओढून घेतो. ज्याचं येत नाही तो मनातून रुसतो. तेवढ्यात गाणाऱ्यांपैकी एकजण घास थांबवून बसलेल्या नवरदेवाच्या मित्राजवळ येते आणि हळूच विचारून जाते, त्या कोपऱ्यातल्या जाड्या मिशीवाल्या पाहुण्याचं नाव काय?